खात्रीचा नंबर

आमच्या काटेवाडीत डेरीवर दूध घालायला जाताना माणूस दोन वस्तू नेतो. एक दुधाचा कॅन, दुसरा फोन. दूध मापात ओतायचं आणि फॅट लागेपर्यंत फोन काउंटरवर सरकवून म्हणायचं, "बघ रं जरा, काय आलंय." डेरीवरचा क्लार्क बीएस्सी झालेला आहे. तो एकेकाचे मेसेज वाचतो, इंग्लिश असला तर मराठी करून सांगतो. उसाला तोड कधी येणार, सोसायटीनं काय कापलं, कुणाचा गॅस निघाला, सगळं. वाचतोही मोठ्यांदा, कारण मागं यंत्र घरघरत असतं आणि समोरची म्हातारी माणसं कानानं कमी असतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. एखाद्याला वाटलंच तर बाकीचे विचारतात, "का रं, तुझ्यात काय एवढं झाकायचं हाय?"

माझ्यात झाकायचं होतं. मी मानसोपचाराच्या दवाखान्यात राहून आले होते, आणि ते माझ्या सासरी इंदापूरला कळलं तर ते माझी पोरगी नेणार होते. एवढी साधी गोष्ट. आमच्या घरात ती फक्त आईला आणि मला माहीत होती.

नवऱ्याला सोडून मी माहेरी आले तेव्हा कोर्ट-कचेरी झाली नाही. आमच्यात आधी बैठक बसते. दोन्हीकडची चार मोठी माणसं, चहा, पोहे, आणि मध्ये बाईचं आयुष्य. त्या बैठकीत ठरलं की पोरगी लहान आहे, आईजवळ राहील. दिवाळीला आणि उन्हाळ्यात इंदापूरला जाईल. सासरे तेव्हा म्हणाले होते, "आईचं चित्त थाऱ्यावर हाय तवर आमची हरकत न्हाय." सगळे हसले. मी हसले नाही. त्या माणसाला मी चांगली ओळखून होते, तो उगाच काही बोलत नाही.

मग मी लोणी देवकरला एका कंपनीच्या ऑफिसात लागले. पहाटे उठायचं, पोरीचा डबा, माझा डबा, कंपनीची बस. बस रोज सासरच्या गावाच्या फाट्यावरून जायची. फाट्यावर सासऱ्यांची पांढरी गाडी उभी असली की माझे हातपाय गार पडायचे. का पडायचे? गाडीत कुणी नसायचं. पण मला वाटायचं, आज ही गाडी उलट्या दिशेनं जाणार, आमच्या घराकडं, शाळेच्या वेळेला. आधी झोप गेली. मग जेवण गेलं. मग एके दिवशी बसमध्ये मी अशी थरथरायला लागले की ड्रायव्हरनं बस बाजूला घेतली. बायका पाणी मारत होत्या आणि मी एकच वाक्य बोलत होते, पोरगी शाळेत पोचली का बघा, पोरगी शाळेत पोचली का बघा.

आईनं मला बारामतीला नेलं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, त्यांचं नाव घ्यायला हवं असं वाटतं पण घेत नाही, त्यांना तरी कशाला या घाणीत ओढू. त्यांनी विचारलं, "कशाची भीती वाटते?" मी म्हटलं, "माझी पोरगी नेतील." त्या म्हणाल्या, "थोडे दिवस इथं राहा, झोप लागू दे, औषध बसू दे." मी म्हटलं, "इथं राहिले हे कळलं तर नक्की नेतील." त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "इथलं इथंच राहतं." त्यांच्या बाजूनं ते खरंच होतं. त्यांच्या खोलीतून एक अक्षर बाहेर गेलं नाही.

बाहेर गेलं ते काउंटरवरून पुढं. विम्याच्या खिडकीवर एक पोरगी बसलेली. माझं कंपनीचं कार्ड बघून ती मागच्या माणसाला ओरडून म्हणाली, "सर, हे मानसोपचारचं पेशंट कॅशलेस आहे, कुठल्या फाईलला लावू?" रांगेतली सगळी मुंडकी वळली. मी म्हटलं, "अहो, हळू बोला की." तर ती तेवढ्याच आवाजात म्हणाली, "काळजी करू नका मॅडम, आपल्याकडं माहिती पूर्ण गोपनीय असते." एक म्हातारा माझ्याकडं बघून जरा बाजूला सरकून बसला. तेव्हा मला राग आला, आता हसू येतं. बिचारा म्हातारा. त्याच्यापेक्षा लांब सरकायला हवं होतं ते आमच्याच गावातल्या लोकांपासून.

गावात सांगितलं टायफॉईड. आबांनाही तेच सांगितलं. आबा म्हणजे माझे वडील. त्यांना खोटं सांगायचं ही आईची अट होती. "त्यांच्या पोटात राहत न्हाय," ती म्हणाली. "सरळ माणूस हाय, कुणी इचारलं की सांगून मोकळा." आमच्या आबांच्या सरळपणाचं गावात फार कौतुक आहे. त्या सरळपणावर संसार आईनं कसा ओढला हे तिला विचारा. तर टायफॉईड. शेजारपाजारचे बघायला आले ते शहाळी घेऊन आले, मोसंबी घेऊन आले. पलीकडची काकू म्हणाली, "लई वाळलीस गं, टायफॉईड लई वंगाळ." मी मान हलवली. मला झोप लागत होती. पोरगी माझ्या कुशीत झोपत होती. रात्री तिचा पाय माझ्या पोटावर पडला की मला बरं वाटायचं. मी परत कामाला जायला लागले. फाट्यावर पांढरी गाडी दिसली तरी हात गार पडेनात.

आता नंबराचं सांगते, कारण सगळी आग तिथं आहे.

कंपनीत लागले तेव्हा विम्याच्या कागदांवर मी माझा फोन नंबर लिहिला होता. एचआरच्या साहेबानं तो बघितला आणि विचारलं, "हा कुणाचा? मिस्टरांचा?"

"माझा."

"मिस्टरांचा द्या ना."

"मिस्टर नाहीत. म्हणजे आहेत, पण मी माहेरी असते."

"मग वडिलांचा द्या. घरातल्या कर्त्या माणसाचा असावा. लेडीजचे नंबर सारखे बदलतात हो, खात्रीचा नंबर लागतो."

मी म्हटलं, "साहेब, माझा नंबर कॉलेजपासून हाच आहे. नवरा बदलायची पाळी आली, नंबर बदलला नाही." तो हसला, बरं बरं म्हणाला, मला वाटलं विषय संपला. अडीअडचणीला कुणाला कळवायचं म्हणून दुसऱ्या एका रकान्यात मी आबांचा नंबर दिलाच होता. त्या शहाण्यानं कॉम्प्युटरवर भरताना तोच उचलला आणि माझ्या नावापुढं चिकटवला. खात्रीचा नंबर! माझं नाव, माझा पगार, माझं दुखणं, आणि नंबर आबांचा. मला काही कळायचं कारणच नव्हतं. मला मेसेज येत नव्हते, तर मला वाटायचं विमावाले मेसेज पाठवत नसतील, बरंच आहे.

आबांच्या फोनवर तसेही सगळ्या घराचे मेसेज येतात. गॅस, रेशन, सोसायटी, आईचं बँकेचं खातं, पोरीच्या शाळेचं. आमच्याकडं घर म्हणजे एक माणूस आणि माणूस म्हणजे त्याचा नंबर. आबांना मराठी वाचता येतं, सावकाश, बोट ठेवून. इंग्लिश अक्षर आलं की ते फोन खिशात टाकतात आणि संध्याकाळची वाट बघतात. संध्याकाळी डेरी.

त्या संध्याकाळी काय झालं हे मला पलीकडच्या काकूनं सांगितलं. ती तिथं रतिबाचं दूध न्यायला आली होती. तिनं ते इतक्या चवीनं सांगितलं की मला अजून पाठ आहे.

आबांनी दूध ओतलं, फोन सरकवला. क्लार्कनं वाचायला सुरुवात केली आणि थांबला. काकू म्हणाली, "त्यो थांबला बघ, तवाच मला काय तरी येगळं वाटलं." थांबला होता तर गप्प बसायचं की नाही? पण मागची माणसं म्हणाली, "वाच की, काय झालं?" आणि आबाही म्हणाले, "वाच रं, कारखान्याचं हाय का?" मग त्यानं वाचलं. माझं नाव. रुग्णालयाचं नाव. विभाग, मानसोपचार. तारखा. दावा मंजूर.

"म्हणजी काय?" आबा म्हणाले.

"म्हणजी, आबा, ताईंचा दवाखाना पास झाला. इम्यानं दिलं सगळं."

"टायफॉईडचा?"

रांगेतून कुणीतरी बोललं, "टायफॉईड कुठला आबा, डोस्क्याचा दवाखाना हाय त्यो. आमच्या मेव्हणीला तितंच नेलती, साखळीनं बांधून." कुणीतरी हसलं. काकू म्हणाली, "मी न्हाय बाई हसले." म्हणजे हसली असणार. मेसेजच्या शेवटी एक ओळ होती, ही माहिती कोणालाही देऊ नये. क्लार्कनं तीही वाचली. त्याला वाचायची सवय, अर्धं सोडायचं कसं? ती ऐकून मात्र सगळी डेरी खो खो हसली.

रांगेत आमच्याच गावचा एक जण उभा होता. तो माझ्या सासऱ्यांच्या भावकीतला जावई. तो पुढं झाला आणि अगदी मायेनं म्हणाला, "द्या आबा, मी फोटू काढून घेतो, इंदापुरात माझ्या वळखीचं डॉक्टर हायती, नीट इचारून सांगतो." आणि आबांनी फोन दिला. दिला! स्वतःच्या हातानं, काच पुसून दिला. आबा रिकामा कॅन घेऊन घरी पोचायच्या आत तो फोटो इंदापूरला पोचला होता.

मी चुलीपुढं नाही, गॅसपुढं होते, भाकरी थापत होते. आबा आले आणि दारातच उभे राहिले. मला वाटलं दूध नासलं, परत आणलं. ते म्हणाले, "तुला येड लागलं व्हतं व्हय गं?"

आई बाहेरून धावत आली. आबांनी फोन पुढं केला. मी मेसेज वाचला. भाकरी तव्यावर करपली. मी विचारलं, "कुणी वाचून दाखवला?"

"डेरीवर."

"कोण कोण होतं?"

त्यांनी नावं सांगितली. सरळ माणूस, एकही गाळलं नाही. त्या जावयाचं नाव आलं तेव्हा मी खाली बसले. आबा म्हणत होते, "मला सांगायचं तरी व्हतंस. चार मानसात माझी काय इज्जत ऱ्हायली? मी टायफॉईड टायफॉईड म्हणत बसलो येड्यावानी." त्यांना लागलं होतं ते हे. मला काय लागलं हे त्यांच्या गावीही नव्हतं. पोरगी कोपऱ्यात बसून वाचनाच्या पुस्तकातलं एक एक अक्षर जोडत होती, मध्येच मान वर करून तिनं विचारलं, "आबा, येड म्हणजे काय?" आई तिला उचलून बाहेर घेऊन गेली.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीत पोचल्या पोचल्या विमावाल्यांना फोन लावला. तिकडून एक गोड आवाजाची मुलगी. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, आपली माहिती आमच्याकडं पूर्णपणे सुरक्षित आहे."

"तुमच्याकडं असेल गं बाई. डेरीवर पण आहे."

"सॉरी मॅडम?"

"माझा नंबर बदला. जो आहे तो माझा नाही."

"नक्की मॅडम. सुरक्षिततेसाठी आपल्या नोंदणीकृत नंबरवर एक कोड पाठवला आहे, तो सांगा."

म्हणजे आबांच्या नंबरवर. कप्पाळ माझं! माझ्या दुखण्यावर माझा नंबर लावायचा तर आबांची परवानगी. मी दुसऱ्या फोनवरून आबांना लावला. मागून यंत्राची घरघर ऐकू आली आणि मला कळलं. "आबा, तुम्ही कुठं आहात?" ते म्हणाले, "डेरीवर, सकाळचं दूध घालाया. काय तरी मेसेज आलाय बघ परत. थांब, वाचून घेतो." मी ओरडले, "आबा, नको! कुणाला दाखवू नका, नुसते आकडे मला सांगा!" पण तोवर क्लार्कचाच नम्र आवाज आला, "ताई, कोड लिहून घ्या." आणि त्यानं एक एक आकडा सांगितला, मोठ्यांदा, यंत्राच्या वरताण. काय करणार? मी लिहून घेतला. माझ्या खात्याचं दार शेवटी डेरीवरच्याच माणसानं उघडून दिलं.

एचआरच्या साहेबाला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, वडिलांचाच तर नंबर होता, बाहेरच्याचा थोडाच होता?" मी त्याला काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. ऑफिसातल्या बायका अजून सांगतात. त्यानं माझी तक्रार वर केली, की बाई तापट आहेत, आणि मानसिक दृष्ट्या जरा, असं. म्हणजे त्यालाही कळलं होतं. आता मी पाणी प्यायला उठले तरी दोघी एकमेकींकडं बघतात.

बारामतीतल्या वकीलसाहेबांकडं गेले. ते म्हणाले, "उपचार घेतले हा काही गुन्हा नाही. नुसत्या त्यावर कोर्ट मुलगी काढून घेत नाही. कोर्टात मी बघतो. पण कोर्टाच्या आधी काही होऊ देऊ नका. मुलगी तुमच्या ताब्यात ठेवा." एवढंच सांगितलं होतं त्या माणसानं. ताब्यात ठेवा.

दिवाळी तोंडावर आली. सासऱ्यांचा फोन आला, कुणाला? आबांना. माझा नंबर त्यांच्याकडंही नाही, कधी लागलाच नाही. "पाहुणं, नातीला न्यायला येतो. ठरल्याप्रमाणं." गोड बोलले. माझ्या तब्येतीची चौकशी केली म्हणे. आबा खूष झाले. "बघ, मानसं वंगाळ न्हायती. टायफॉईड कसा हाय म्हणून इचारलं."

"आबा, त्यांना सगळं माहीत आहे. टायफॉईड म्हणून ते थट्टा करतायत. मी पोरगी पाठवणार नाही."

"आसं कसं? बैठकीत शबुद दिलाय."

"तुम्ही दिलाय. मी नाही."

"मी म्हणजी कोन मग?" आबा म्हणाले. "मी दिला म्हणजी तूच दिलास."

मी भांडले. ओरडले. ताट फेकलं. आई मध्ये पडली. मी पोरीला घेऊन खोलीत गेले आणि कडी लावली, तर आबा दाराबाहेरून म्हणतात, "बघ, हे आसं करतीस म्हणून लोक बोलत्यात." त्या वाक्यानं माझी तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मी काहीच करू शकले नाही. ओरडले तर येडी, गप्प बसले तर पोरगी जाणार. शेवटी ते मेलं दार मी उघडलं. सासरे न्यायला आले तेव्हा पोरगी नवा फ्रॉक घालून त्यांच्या पांढऱ्या गाडीत बसली. तिला फटाके मिळणार होते. ती हात हलवत गेली.

दिवाळी झाली, शाळा उघडली, पोरगी आली नाही.

बैठक या खेपेला इंदापूरला बसली, सासऱ्यांच्या घरी. मला बोलावलं नव्हतं, मी गेले. मला बसायला सांगितलं ते आत, बायकांत. मी उंबऱ्यातच उभी राहिले. सासऱ्यांनी फोन मध्ये ठेवला, जसा पानसुपारीचा डबा ठेवतात तसा. "आमी काय येक बोलत न्हाय," ते म्हणाले. "ज्यांचा मेसेज हाय त्यांनाच इचारा." नवऱ्यानं तो वाचून दाखवला. तो माझ्याकडं बघत नव्हता. वाचताना त्याला माझं नाव घ्यावं लागलं, कितीतरी दिवसांनी.

मी उंबऱ्यातून म्हटलं, "तुमच्या भीतीनं मला झोप लागत नव्हती. पोरगी न्याल या भीतीनं. त्याच्यावर मी औषध घेतलं आणि बरी झाले. विचारा डॉक्टरीणबाईंना."

सासरे म्हणाले, "सूनबाई, तुमी बसा. तुमाला तरास व्हईल."

आणि मग ते आबांकडं वळले. "पाहुणं, तुमी खरं बोलनारी मानसं. तुमच्याच नंबरावर आलाय. हे खरं हाय का?"

सगळे आबांकडं बघायला लागले. मीही. मला वाटलं, आज तरी. एकदा तरी म्हणा, माझी लेक बरी आहे. खोटं नका बोलू, नुसतं म्हणा की बरी आहे, ते तर खरंच होतं. आबांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली.

"व्हय," ते म्हणाले. "खरं हाय."

"मग नातीचं कसं करायचं?"

"पोरीचं भलं हुईल तसं करा," आबा म्हणाले.

झालं. चहा आला. माझ्या जागी त्यांचाच नंबर होता, माझ्या जागी त्यांचाच शब्द गेला. परत येताना एसटीत आबा म्हणाले, "मी काय मुद्दाम केलं व्हय?" मी म्हटलं, "नाही आबा. मुद्दाम केलं असतं तर मला तुमच्याशी भांडता तरी आलं असतं." त्यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतंही धड बोललेले नाही. ते आता डेरीवर जात नाहीत, आई जाते. संध्याकाळी ते फोन घेऊन माझ्या पुढ्यात येतात, उभे राहतात. "बघ की गं, तोडीचा मेसेज आलाय का." मी म्हणते, "डेरीवर जाऊन वाचून घ्या." ते फोन खिशात टाकतात आणि गोठ्यात जाऊन बसतात. आई म्हणते, किती छळशील म्हाताऱ्याला. छळते. माझ्या हातात छळायला दुसरं कुणी राहिलं नाही.

वकीलसाहेबांनी अर्ज लावलाय. तारखा पडतायत. तोवर रविवारी दुपारी मी इंदापूरला जाऊन पोरीला बघते. घरात नेत नाहीत, पोर्चमध्ये दोन खुर्च्या टाकतात. सासू दाराआडून लक्ष ठेवून असते, मी पोरीला चावेन की काय कोण जाणे.

पोरगी तिथं इंग्लिश शाळेत घातलीय. गेल्या रविवारी ती फार खुशीत होती. उड्या मारत आली. म्हणाली, "आई, मला आता वाचता येतं. इंग्लिश पण. आजोबांचे सगळे मेसेज मीच वाचते."

मी म्हटलं, "हो का गं?"

"हो. आणि एक तर मला पाठच आहे. पाहुणे आले की आजोबा म्हणतात, वाच बघू, आणि मग सगळे म्हणतात हुशार आहे पोरगी. तुला दाखवू?" ती पळत आत गेली आणि सासऱ्यांचा फोन घेऊन आली. तिला फोटो कुठं आहे ते माहीत होतं. माझ्या खुर्चीला टेकून, बोट ठेवून, आबा ठेवतात तसं, तिनं वाचायला सुरुवात केली. माझं नाव आलं तेव्हा तिनं माझ्याकडं बघून हसून घेतलं, बघ, तुझं नाव आहे. मग दवाखान्याचं नाव. मग तो विभाग. एवढा अवघड शब्द, पण अडखळली नाही. कुणीतरी तिच्याकडून घोटून घेतला होता. दाराआड सासू उभी होती आणि तिच्या मागं सासरे येऊन उभे राहिले होते, माझ्या तोंडाकडं बघत. मी आरडाओरडा करावा म्हणून. मी फोन हिसकून आपटावा म्हणून. म्हणजे पुढच्या तारखेला सांगायला झालं.

मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

पोरीनं शेवटची ओळही वाचली, ही माहिती कोणालाही देऊ नये. थांबली. "आई, म्हणजे कुणाला सांगायचं नसतं ना? मग तुला सांगितलं तर चालेल का?"

"चालेल," मी म्हटलं. "छान वाचतेस गं तू."

तिला एवढा आनंद झाला की तिनं परत पहिल्यापासून वाचायला घेतलं.